भाषा टिकली, पत्र थांबले

तिरुवैयारुला कावेरीच्या घाटावर पोहोचलेल्या मराठी माणसाच्या मनात एक अभिमान हमखास जागा होतो. तो संतसंगीतकार त्यागराजांच्या समाधीपुढे माथा टेकतो आणि नदीकाठचा मराठेकालीन कल्याण महाल पाहतो. तिथून दक्षिणेला काही मैलांवरच्या तंजावरला जाऊन सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागदांचे रुमाल पाहतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास पाहतो. एखाद्या ‘राव’ घराण्यातली मंडळी तमिळ हेलाच्या जुन्या मराठीत बोलताना ऐकतो आणि मनाशी ठरवून टाकतो की साडेतीनशे वर्षे लोटली, तरी ही माणसे आपलीच राहिली. भाषा टिकली, म्हणजे नाते टिकले.

हा निष्कर्ष उथळ आहे. त्यात तंजावरच्या मराठी समाजाचे कौतुक दिसते, पण त्याच्या इतिहासाकडे पाठ फिरवलेली असते. माझे म्हणणे असे: दूरदेशी गेलेल्या समाजाची मूळ भूमीशी असलेली राजकीय जवळीक भाषेवर, देवधर्मावर किंवा स्मारकांवर अवलंबून नसते. ती अवलंबून असते खाजगी पत्रव्यवहारावर. कोण कोणाला लिहितो, काय विचारतो आणि उत्तर आल्यावर काय करतो, यावरून त्या समाजाचे राष्ट्र ठरते. पत्र थांबले की भाषा शतकानुशतके टिकूनही राष्ट्रबंध विरत जातो, आणि पत्र चालू राहिले तर भाषा गेली तरी तो बंध घट्ट होतो. हे पुढे पायरीपायरीने मांडतो.

१. दोन समाज, उलट निकाल

तंजावरच्या शेजारी एकोणिसाव्या शतकातला आयर्लंड ठेवून पाहू. १८४५ पासून काही वर्षे चाललेल्या बटाट्याच्या दुष्काळात तिथे सुमारे दहा लाख माणसे मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. पुढची कित्येक दशके हा ओघ अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडे वाहत राहिला. पश्चिम आयर्लंडमधून गेलेल्या पुष्कळांची घरची बोली आयरिश होती. पण शाळेत शिकवली जाई ती इंग्रजी, त्यामुळे त्यांनी घरी धाडलेली पत्रे जवळजवळ सगळी इंग्रजीत आहेत. ज्या सत्तेविरुद्ध मनात राग होता, तिच्याच भाषेत हे लोक आईला, भावाला, धाकट्या बहिणीला लिहीत होते. परदेशात त्यांची मूळ भाषा एका-दोन पिढ्यांत मागे पडली.

तरीही आयर्लंडच्या स्वातंत्र्याचे राजकारण न्यूयॉर्क आणि बोस्टनमधून पैसा, माणसे आणि जिद्द घेत राहिले. १८५८ साली डब्लिनमध्ये जेम्स स्टीफन्स यांनी गुप्त क्रांतिसंघटना उभी केली आणि तिला जोडून जॉन ओमाहनी यांनी अमेरिकेत फेनियन संघटना बांधली. १८७९ साली मायकेल डॅव्हिट यांच्या पुढाकाराने कुळांची लँड लीग निघाली, तेव्हा तिच्या तिजोरीत अमेरिकेतल्या मजुरांचे आणि मोलकरणींचे पैसे पडत होते.

तंजावरचा निकाल याच्या उलटा लागला. १६७५च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तिथे सत्ता स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ती कमीअधिक स्वरूपात टिकली. तिथे व्यंकोजीराजांचे पुत्र दुसरे शहाजीराजे यांनी मराठी नाटके लिहिली, समर्थ संप्रदायाचे मठ उभे राहिले, दफ्तर मोडीत चालले. सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले, तेव्हा पुण्यात छापखान्याचे नावही नव्हते. भाषेच्या कसोटीवर तंजावर आयर्लंडपेक्षा कितीतरी सरस ठरते. पण महाराष्ट्राच्या राजकीय आकांक्षांशी बांधलेला समाज म्हणून तंजावर एकोणिसाव्या शतकात कुठेच उभे राहिलेले दिसत नाही.

राष्ट्रबंध भाषेनेच टिकत असता, तर हे दोन्ही निकाल उलटे लागायला हवे होते.

२. खाजगी पत्र नेमके काय करते

घरगुती पत्रात राष्ट्र शोधणाऱ्याची पहिल्यांदा निराशाच होते. आयरिश पत्रांत तब्येत, पाऊसपाणी, कोणाचे लग्न झाले, कोण वारले, किती पैसे पाठवले, हेच विषय पुन्हापुन्हा येतात. स्वातंत्र्याची भाषणे त्यांत क्वचित सापडतात. म्हणून अभ्यासक वक्त्यांची भाषणे आणि वर्तमानपत्रे पुढे घेतात आणि घरगुती पत्रांना भावनांचे आगर म्हणून बाजूला ठेवतात. पण या साध्या मजकुरातूनच पत्र तीन कामे करते, आणि ती दुसऱ्या कोणत्याही साधनाने होत नाहीत.

पहिले, पत्र दुसऱ्याची अडचण आपली करते. जमीनदाराच्या कारभाऱ्याने खंड वाढवला, शेजारच्या घराला बाहेर काढले, असे गावाहून कळले की शिकागोतल्या मजुराच्या लेखी आयर्लंड म्हणजे आठवण राहत नाही, तो या महिन्याचा प्रश्न होतो. अमेरिकेहून आलेले पत्र गावात मोठ्याने वाचले जाई आणि शेजारपाजार ऐकायला जमे. ज्यांना अक्षर येत नव्हते, तेही दुसऱ्याच्या हातून लिहून घेत आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकत. लिहिणारा एकटा असला, तरी पत्राचा वाचक मात्र सबंध गाव असे.

दुसरे, पत्र पैसा वाहून नेते आणि पैशाबरोबर हक्क व जबाबदारी. लिफाफ्यातून आलेल्या हुंडीवर खंड भरला जाई, धाकट्या भावंडाचे जहाजाचे भाडे चुकते होई. या पैशामुळे परदेशातल्या माणसाला गावच्या निर्णयात बोलण्याचा अधिकार मिळाला. लँड लीगला वर्गणी देणारा मजूर त्याआधी कित्येक वर्षे आईला खंडासाठी पैसे पाठवत आलेला होता. त्याच्या लेखी ही त्याच खर्चाची पुढची पायरी होती.

तिसरे, पत्र उत्तर मागते, आणि उत्तर कधी कृतीच्या रूपानेच द्यावे लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या कैदेत असलेल्या जेम्स विल्सन या फेनियन बंदिवानाचे पत्र १८७४ मध्ये चोरवाटेने न्यूयॉर्कला जॉन डेव्हॉय या आयरिश क्रांतिकारकाच्या हाती पडले. डेव्हॉय यांनी ते आपल्या ‘क्लॅन ना गेल’ संघटनेच्या सभेत वाचून दाखवले. वर्गणी जमली, कटाल्पा हे देवमाशाच्या शिकारीचे जहाज विकत घेतले गेले आणि १८७६ साली त्यातून सहा कैदी सोडवून आणले. त्या बंदिवानाला डेव्हॉय ओळखत होते. एका ओळखीच्या माणसाने दुसऱ्याला हाक मारली होती, आणि त्या खाजगी हाकेतून सार्वजनिक पराक्रम उभा राहिला. डेव्हॉय यांच्या पत्रसंग्रहाचे पुढे दोन जाड खंड निघाले. आयरिश राष्ट्रवादाचे आतले यंत्र कसे चालत होते, हे जाहीरनाम्यांपेक्षा त्या खंडांत अधिक स्पष्ट दिसते.

३. तंजावरची सुरुवातही पत्रांनीच झाली

तंजावरच्या मराठी राज्याचा आरंभ भावाभावांच्या पत्रव्यवहारात आहे, हे आपण सोयीने विसरतो. वडील शहाजीराजांच्या दक्षिणेतल्या दौलतीत वाटा मिळावा, ही शिवाजी महाराजांची मागणी होती. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात कोल्लिडम नदीच्या परिसरात दोघे भाऊ भेटले, बोलणे फिसकटले आणि व्यंकोजीराजे तंजावरला निघून गेले. नंतर लढाई झाली, रघुनाथपंत हणमंते मध्ये पडले, व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी समजुतीचा मार्ग धरला आणि तह झाला. तहानंतर व्यंकोजीराजे उदास होऊन बसल्याचे कळताच महाराजांनी त्यांना कानउघाडणीचे पत्र लिहिले. वैराग्य आवरा, कामाला लागा, पराक्रम करा, असा त्याचा आशय आहे.

या पत्रांत हक्काची मागणी आहे, राग आहे आणि वडीलकीही आहे. पण त्यातली महत्त्वाची गोष्ट निराळी. रायगडावरच्या माणसाला तंजावरच्या माणसाच्या मनःस्थितीची खबर होती, आणि त्याबद्दल बोलण्याचा आपला अधिकार आहे असे तो मानत होता. भांडणही नातेच असते. त्या घडीला तंजावर आणि रायगड एका राजकीय कुटुंबाचे दोन भाग होते, आणि हे कुटुंब पत्रांनी बांधलेले होते.

४. धागा कुठे तुटला

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा धागा तग धरून होता. १७४० च्या सुमारास रघूजी भोसले आणि फत्तेसिंग भोसले यांच्या फौजा कर्नाटकात उतरल्या आणि १७४१ मध्ये त्रिचनापल्ली मराठ्यांच्या हाती आले, तेव्हा साताऱ्याचा हात कावेरीपर्यंत पोहोचत होता. पुढे अर्काटचा नबाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या कात्रीत तंजावर सापडले. १७७३ मध्ये तुळजाजीराजे पदच्युत झाले आणि १७७६ मध्ये गादी परत मिळाली ती कंपनीच्या मर्जीने. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला आणि त्यांच्याकडे किल्ला, मानमरातब व तनखा उरला.

इंग्रजांना पत्राची ताकद आपल्यापेक्षा अधिक कळली होती. बाजीराव दुसरे यांच्याशी १८०२ साली झालेल्या वसईच्या तहात, इंग्रजांना विचारल्याखेरीज दुसऱ्या सत्तांशी बोलणी करू नयेत, असे बंधन घातलेले होते. तैनाती फौजेच्या करारांचा हा नेहमीचाच साचा. सैन्य काढून घेण्याइतकेच परस्परांतले लिहिणे तोडणे त्यांना गरजेचे वाटत होते. खुद्द इंग्लंडमध्ये १८४४ साली इटालियन क्रांतिकारक मॅझिनीची पत्रे टपालखात्यात गुपचूप फोडली जात असल्याचे उघड झाले आणि पार्लमेंटात मोठा गदारोळ उठला. पत्रावर पहारा बसवणारी सत्ता त्या पत्राचे मोल ओळखूनच पहारा बसवते.

सरफोजीराजे पत्रे लिहिण्यात मागे नव्हते. त्यांचे गुरू श्वार्ट्झ, तरंगंबाडीचे मिशनरी आणि कंपनीचे रेसिडेंट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. छत्रे, म्हणजे यात्रेकरूंसाठीची अन्नछत्रे, आपल्याकडेच राहावीत म्हणून त्यांनी १८०१ साली रेसिडेंट टोरिन यांना लिहिलेले पत्र त्यांच्या धर्मबुद्धीचा उत्तम पुरावा आहे. पण या पत्रांची दिशा पाहा. ती मद्रासकडे, तरंगंबाडीकडे, कलकत्त्याकडे जातात. राजाचे लिहिण्याचे जग बदलले होते, आणि त्याबरोबर त्याचे राजकीय जगही बदलले. कागदपत्रे हजारोंनी साठली, पण त्यांतला मोठा भाग दरबार, छत्रे आणि हिशेब यांचा आहे. आयरिश घराघरांतून अटलांटिकपार चाललेल्या व्यवहाराच्या तोडीचा, सामान्य कुटुंबांचा महाराष्ट्राशी पत्रव्यवहार इथे उभा राहिला नाही.

५. चार घराणी, एकच गाऱ्हाणे

या तुटलेपणाची खरी परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाली. १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर, १८५५ मध्ये तंजावर. सात-आठ वर्षांत चार मराठी घराण्यांची राज्ये औरस पुरुष वारस नाही या सबबीवर खालसा झाली. अन्याय एक, अन्याय करणारा एक, सबब एक. पीडितांची भाषाही एकच.

पण लढे चार झाले, आणि चारही एकेकट्याने लढले गेले. सातारकरांसाठी रंगो बापूजी गुप्ते एका तपाहून अधिक काळ लंडनमध्ये झगडत राहिले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. नागपूरच्या राण्यांनी आपले वकील धाडले. तंजावरच्या दिवंगत राजाच्या राणी कामाक्षीबाई यांची बाजू जॉन ब्रूस नॉर्टन यांनी मांडली. राजाची खाजगी मालमत्ताही कंपनीने जप्त केली होती. तिच्याबद्दल मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कामाक्षीबाईंच्या बाजूने निकाल लागला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला तिच्यात हात घालता येत नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले. तो खटला आजही कायद्याच्या पुस्तकांत शिकवला जातो.

साताऱ्याच्या लंडनमधल्या अनुभवाचा उपयोग तंजावरने केला, झाशीने नागपूरला विचारून अर्ज लिहिला, चौघांनी मिळून एक मागणी मांडली, असे काही घडले नाही. एकमेकांची भाषा समजणारे, एकमेकांशी सोयरीक जुळू शकणारे हे लोक एकमेकांचे वार्ताहर नव्हते. माझ्या प्रतिपादनाचा सर्वांत भक्कम आधार हाच आहे. समान भाषा आणि समान दुःख यांची बेरीज आपोआप समान राजकारण होत नाही. मधे पत्र लागते.

६. मद्रासच्या वाटेने आलेला राष्ट्रवाद

याचा अर्थ तंजावरचे मराठी राष्ट्रीय राजकारणापासून अलिप्त राहिले असा नाही. ते आले, पण महाराष्ट्राच्या वाटेने आले नाहीत. कुंभकोणमच्या मराठी कुटुंबात १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव मद्रासच्या इंग्रजी शाळेत शिकले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले, आणि १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी मद्रासला सुरू झालेल्या सामाजिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे यांच्याबरोबर दिवाणबहादूर आर. रघुनाथराव होते, तेही कुंभकोणमच्याच मराठी वर्तुळातले.

यातला क्रम लक्षात घ्यावा. तंजावरी मराठी नेता आणि पुण्याचा मराठी नेता एकत्र आले ते मद्रासच्या सभामंडपात, इंग्रजी भाषेत आणि अखिल भारतीय प्रश्नावर. मराठी ही त्यांच्या भेटीची कारणीभूत शक्ती नव्हती. माधवरावांचे सहकारी आणि पत्रलेखक केवळ मराठी नव्हते, त्यांत तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि इंग्रजही होते, म्हणून त्यांचे राष्ट्र भारत ठरले. ज्यांच्याशी रोजचे लिहिणे होते, त्यांच्याशीच राष्ट्र जुळले. यात मला कमीपणा दिसत नाही. उलट, प्रांतिक अभिमानाच्या पलीकडचा राष्ट्रवाद इतक्या लवकर उमजलेला हा समाज आहे. मात्र त्याला ‘आपलीच माणसे’ म्हणून महाराष्ट्राच्या खात्यावर जमा करणे अप्रामाणिक आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: ही तुलनाच चुकीची आहे. आयरिश माणूस भुकेने देशोधडीला लागला, मराठे राज्यकर्ते म्हणून गेले. फरक मोठा आहे, हे मान्य. काळाचाही फरक आहे. १८५५ साली तंजावरच्या मराठी माणसाचे महाराष्ट्रातले नातेवाईक सात-आठ पिढ्यांपलीकडचे होते, आयरिश मजुराची सख्खी आई गावी जिवंत होती. पण हा फरक माझ्या म्हणण्याला बळच देतो. जिवंत नातेवाईक असणे म्हणजेच पत्र लिहिण्याला पत्ता असणे. पत्ता गेला की भावना कितीही शाबूत असली तरी ती कुठे पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप: पत्रे नसतील, पण माणसे ये-जा करत होती. गोसावी होते, कीर्तनकार होते, लग्नसंबंध होते. सज्जनगडावरच्या राममूर्ती तंजावरला घडल्या, असे समर्थ संप्रदाय सांगतो. मराठी कीर्तनाने तमिळ हरिकथेला घडवले आणि तंजावूर कृष्ण भागवतरांनी तिला वैभव दिले. १८८० साली तंजावरच्या मराठा घराण्यातल्या लक्ष्मीबाई सयाजीराव गायकवाडांशी विवाह होऊन बडोद्याला गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तंजावरचे नृत्य बडोद्यात आले. हे सारे खरे आहे आणि मोलाचे आहे. पण कीर्तन सर्वांना उद्देशून असते, त्याला कोणी उत्तर पाठवत नाही. मूर्ती, नृत्य आणि कथा यांनी संस्कृतीचा प्रवास होतो. ‘आमची जमीन गेली, तुम्ही काय करता?’ हा प्रश्न त्यांतून विचारता येत नाही. सांस्कृतिक वारसा आणि राजकीय बंध या दोन गोष्टी आपण सतत एकच समजतो, आणि उथळपणाचे मूळ तिथेच आहे.

तिसरा आक्षेप: साक्षरता आणि टपाल यांचा हा प्रश्न आहे, मनोवृत्तीचा नव्हे. तंजावरात मोडी लिहिणाऱ्या कारकुनांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती, आणि १८५४ पासून भारतभर अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. लिहिणारे हात होते, वाहून नेणारे साधनही आले. ते आले तोवर लिहिण्याचे कारण मात्र उरले नव्हते.

चौथा आक्षेप: टिकलेल्या पत्रांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे, कारण खाजगी कागद सर्वांत आधी नष्ट होतात. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, आणि त्याला तिरुवैयारुच उत्तर देते. त्यागराज १८४७ मध्ये वारले. कोणत्याही दरबाराने त्यांच्या रचनांची दफ्तरे ठेवली नाहीत. तरी त्या टिकल्या, कारण वालाजापेट, उमयाळपुरम आणि शेजारच्याच तिल्लैस्थानम इथल्या शिष्यपरंपरांनी त्या घराघरांत जपल्या, वह्यांतून उतरवल्या. ज्या कागदाची समाजाला रोज गरज असते, तो कागद खाजगी घरातही शतकभर टिकतो. ज्या पत्राची गरज संपते, ते आधी लिहायचे थांबते आणि मग वाळवीच्या तोंडी जाते.

आज या विचाराचे काय करायचे

हा प्रश्न जुन्या काळापुरता नाही. आज अमेरिका, इंग्लंड, आखाती देश आणि ऑस्ट्रेलियात मराठी कुटुंबे आहेत. त्यांचे मराठीपण आपण गणेशोत्सव, दिवाळी अंक आणि मुलांच्या मराठी शाळा यांवरून मोजतो. तंजावरने या सगळ्या कसोट्या दोनशे वर्षे उत्तम पार केल्या होत्या. विचारायचा प्रश्न निराळा आहे. गावच्या पाण्याच्या, शेतीच्या, शाळेच्या अडचणीबद्दल त्यांना कोण लिहिते, ते कोणाला विचारतात, आणि उत्तर मिळाल्यावर त्यांचे वागणे बदलते का? याचे उत्तर नकारार्थी असेल, तर उत्सव कितीही थाटात झाले तरी आपण दुसरे तंजावर घडवत आहोत.

तंजावरबद्दलही एक कर्तव्य आहे. तिथल्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर करून छापण्याचे काम तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने केले आहे. मराठ्यांचा तो इतिहास तमिळ वाचकाला त्याच्या भाषेत उपलब्ध आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी मोडी शिकवताना पेशवे दफ्तराबरोबर हे कागदही विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. तंजावर, कुंभकोणम, चेन्नई इथल्या मराठी घरांत जी खाजगी पत्रे, वह्या आणि लग्नयाद्या उरल्या असतील, त्यांच्या प्रती त्या कुटुंबांच्या संमतीने करून ठेवाव्यात. मुख्य म्हणजे त्या समाजाला अभिमानाचा विषय करणे थांबवून त्याच्याशी बोलणे सुरू करावे. आपण तिरुवैयारुला जातो, फोटो काढतो आणि परततो. तिथल्या एका मराठी कुटुंबाचा पत्ता घेऊन यावा आणि त्यांना पत्र लिहावे. उत्तर आले, तर पुन्हा लिहावे.